तुरुंगाचे प्रकार, आणि ते बदलत कसे गेले

प्रश्न असा आहे: तुरुंगांचे प्रकार कोणते, त्यांच्यात खरा फरक काय, आणि जुन्या तुरुंगापासून आजच्या तुरुंगापर्यंत नेमकं काय बदललं?

याचं उत्तर सहसा सुरक्षेच्या पायऱ्या मोजून दिलं जातं: खुला, कमी सुरक्षेचा, मध्यम, कडक, अतिकडक. ते चूक नाही, पण त्यातून फारसं कळत नाही. एकाच पायरीवरचे दोन तुरुंग घ्या. एकात माणूस सकाळी कुलूप उघडल्यापासून संध्याकाळपर्यंत कामावर, वर्गात, मैदानात असतो. दुसऱ्यात तो बावीस तास दाराआड पडून असतो. कागदावर दोन्हींची श्रेणी एकच. म्हणून कुठलाही तुरुंग समजून घ्यायचा तर आधी दोन गोष्टी विचाराव्यात. कैदी दिवसाचे किती तास कोठडीबाहेर असतो? आणि पहारेकरी कुठे उभा असतो: कैद्यांमध्ये, गजांच्या पलीकडे, की काचेमागे पडद्यासमोर? गेल्या अडीचशे वर्षांतले जवळजवळ सगळे मोठे बदल या दोन प्रश्नांभोवती झालेत. आणि जिथे सुधारणा कोसळली, तिथे ती बहुतेक वेळा गर्दीमुळे किंवा माणसं कमी पडल्यामुळे कोसळली.

कैद हीच शिक्षा, ही कल्पना नवी आहे

अठराव्या शतकापर्यंत बहुतेक ठिकाणी तुरुंग म्हणजे माणसाला धरून ठेवायची जागा. खटला उभा राहीपर्यंत, फाशी होईपर्यंत किंवा कर्ज फिटेपर्यंत. शिक्षा म्हणजे फटके, डाग, हद्दपारी, मृत्यू. रोमन कायदेपंडित उल्पियनने तिसऱ्या शतकातच मांडलं होतं की कैदखाना माणसाला ताब्यात ठेवण्यासाठी असावा, शिक्षेसाठी नव्हे. त्यामुळे खास तुरुंग म्हणून इमारत क्वचितच बांधली जाई. किल्ल्याचा बुरूज, वेशीवरच्या खोल्या, तळघर, जे हाताशी असेल ते. आत बायका, पुरुष, मुलं, कर्जदार, खुनी सगळे एकत्र.

इंग्लंडमध्ये तर बऱ्याच तुरुंगाधिकाऱ्यांना पगारच नसे. तो कैद्यांकडून वसूल होई: बिछान्याचे पैसे, बेड्या काढण्याचे पैसे, सुटकेचे पैसे. निर्दोष ठरलेला माणूसही ही रक्कम भरता आली नाही म्हणून आत अडकून राही. 1773 मध्ये बेडफर्डशायरचा शेरीफ झालेल्या जॉन हॉवर्डने हे पाहिलं आणि तुरुंगामागून तुरुंग तपासत सुटला. 1774 मध्ये पार्लमेंटने दोन कायदे केले. एकाने निर्दोष सुटलेल्यांची फी बंद केली, दुसऱ्याने तुरुंगातली स्वच्छता, हवा आणि वैद्यकीय देखरेख बंधनकारक केली. दुसऱ्या कायद्यामागे भीतीही होती. उवांमधून पसरणारा टायफस (टायफॉइड नव्हे) तेव्हा ‘जेल फिव्हर’ म्हणूनच ओळखला जाई. 1750 मध्ये तो कैद्यांबरोबर लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात शिरला आणि न्यायाधीश, लॉर्ड मेयर यांच्यासह अनेकांना घेऊन गेला. तुरुंगातली हवा तुरुंगातच राहत नाही, हे तेव्हा सत्ताधाऱ्यांना कळलं.

कामाला लावून माणूस सुधारावा ही कल्पना मात्र याआधीची. लंडनचं ब्राइडवेल सुधारगृह सोळाव्या शतकाच्या मध्यावर सुरू झालं. अॅमस्टरडॅममध्ये 1596 मध्ये उघडलेल्या गृहात पुरुषांकडून ब्राझीलवुडचं टणक लाकूड किसून रंगासाठी भुकटी करून घेत, बायकांच्या गृहात सूतकताई चाले. 1770 च्या दशकात आजच्या बेल्जियममधल्या घेंट शहरात अष्टकोनी तुरुंग उभा राहिला. त्यात कैद्यांचे गट वेगळे ठेवले, दिवसा एकत्र काम आणि रात्री प्रत्येकाला स्वतंत्र कोठडी. पुढच्या दीडशे वर्षांचे वाद याच मांडणीवरून झाले.

फिलाडेल्फिया आणि ऑबर्न

फिलाडेल्फियाच्या वॉलनट स्ट्रीट तुरुंगात 1790 मध्ये सोळा एकांत कोठड्या बांधल्या गेल्या. त्याचंच मोठं रूप म्हणजे 1829 मध्ये उघडलेला ईस्टर्न स्टेट तुरुंग. वास्तुरचनाकार जॉन हॅविलंड. मधल्या गोल चौकातून सात लांब इमारती आऱ्यांसारख्या बाहेर गेलेल्या. साधारण 8 बाय 12 फुटांची कोठडी, कमानदार उंच छत, छतात एकच झरोका. प्रत्येक कोठडीला स्वतःचं उंच भिंतीचं अंगण. कैदी आतच जोडे शिवायचा, विणकाम करायचा, आतच जेवायचा. बाहेर नेताना त्याच्या डोक्यावर चेहरा झाकणारी टोपी घालत, म्हणजे तो कुणाला ओळखणार नाही आणि त्याला कुणी ओळखणार नाही. शेजारशेजारची अंगणं एकाच वेळी उघडत नसत, कारण भिंतीवरून बोलणं झालं असतं.

ही क्रूरता म्हणून आखलेली नव्हती. एकांतात माणूस स्वतःशी बोलेल, पश्चात्ताप करेल, असा क्वेकर पंथीयांचा प्रामाणिक विश्वास होता. म्हणून तर प्रत्येक कोठडीत शौचालय आणि इमारतीत मध्यवर्ती उष्णता होती, जी त्या काळी श्रीमंतांच्या घरांतही दुर्मीळ होती. पण नेमकं तिथेच बिनसलं. मैला वाहून नेणारे नळ एका कोठडीतून दुसरीत आवाज पोचवत. कैदी पाइपाला तोंड लावून बोलायला लागले. कैदी वाढले तसे मजले चढले, आणि वरच्या मजल्याला अंगण कुठून आणणार? मग एका कोठडीत दोघे आले. एकांताची पद्धत कागदावर 1913 पर्यंत टिकली, प्रत्यक्षात ती कितीतरी आधी मोडली होती.

न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्नने आधी याहून कडक प्रयोग केला. 1821 मध्ये सुमारे ऐंशी कैद्यांना कामही न देता पूर्ण एकांतात ठेवलं. काही मेले, काहींच्या मनावर कायमचा परिणाम झाला. दोनेक वर्षांत प्रयोग गुंडाळून वाचलेल्यांपैकी बहुतेकांना माफी द्यावी लागली. एकांताचे परिणाम त्या काळीच स्पष्ट दिसले होते, हे आजच्या चर्चेत विसरलं जातं. त्यानंतर ऑबर्नने मधली वाट काढली: रात्री एकेकटे, दिवसा कारखान्यात एकत्र, पण पूर्ण मौन. पट्ट्यांचे कपडे, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून पावलात पाऊल टाकत रांगेने चालणं, नजर खाली. मौन मोडलं की चाबूक.

आता आकडे पाहा. ऑबर्नची कोठडी 7 फूट लांब, साडेतीन फूट रुंद: साडेचोवीस चौरस फूट. ईस्टर्न स्टेटची 96. म्हणजे जवळजवळ चौपट, शिवाय अंगण वेगळं. ऑबर्नच्या कोठड्या पाठीला पाठ लावून पाच मजले रचलेल्या, बाहेरच्या भिंतीपासून सुटलेल्या. कोठडीला स्वतःची खिडकीच नाही, म्हणून कोठडी फोडली तरी माणूस इमारतीतच राहतो. वर कारखान्याचं उत्पन्न. अमेरिकेतल्या राज्यांनी ऑबर्न उचललं त्याचं मुख्य कारण हे गणित होतं. युरोपने फिलाडेल्फिया उचललं, कारण तिथे तुरुंगाने खर्च भरून काढावा ही अपेक्षा तेवढी नव्हती आणि कैद्यांनी एकमेकांना बिघडवू नये याची काळजी जास्त होती.

लंडनचा पेंटनव्हिल (1842) हा युरोपातला नमुना ठरला. 520 कोठड्या, प्रत्येक 13 फूट लांब, 7 फूट रुंद, 9 फूट उंच. चौकात उभं राहिलं की सगळ्या इमारतींच्या गॅलऱ्या एका नजरेत. पुढच्या सहा-सात वर्षांत ब्रिटनमध्ये पन्नासहून जास्त तुरुंग या धर्तीवर बांधले किंवा बदलले गेले. आधी एकांताची मुदत अठरा महिने ठेवली होती. मानसिक विकार दिसू लागल्यावर ती बारा आणि मग नऊ महिन्यांवर आणावी लागली. इथेही कोठडीत शौचालय होतं. नळ तुंबू लागले, त्यांतून बोलणं चालू झालं, म्हणून शौचालयं काढून टाकली आणि रात्रीसाठी भांडं दिलं. रोज सकाळी भांडी घेऊन रांगेत उभं राहून ती ओतायची ही पद्धत इंग्लंडमध्ये थेट 1996 पर्यंत चालली. एकदा काढलेली सोय परत यायला शंभराहून जास्त वर्षं लागली. अंदमानचं सेल्युलर जेल (1896 ते 1906) याच घराण्यातलं: सात इमारती, तीन मजले, सगळ्या एकेकट्याच्या कोठड्या, आणि एका इमारतीची दर्शनी बाजू दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे समोरासमोर खूणही करता येऊ नये.

गोल तुरुंग

इंग्लिश तत्त्वज्ञ जेरेमी बेंथमच्या पॅनॉप्टिकॉनचं नाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं: गोल इमारत, कडेला कोठड्या, मधोमध मनोरा, पहारेकरी सगळ्यांना पाहतो पण तो दिसत नाही. 1791 मध्ये आराखडा छापला गेला. बेंथमला तो स्वतः कधीच बांधता आला नाही. नंतर जे गोल तुरुंग उभे राहिले (नेदरलँड्समधले आर्नहेम, ब्रेडा, हार्लेम, क्यूबातला प्रेसिडिओ मोडेलो, 1926 ते 1931, अमेरिकेतलं स्टेटव्हिल), त्यांचा अनुभव आराखड्याशी जुळला नाही. मधला माणूस कैद्यांना पाहतो तसे शेकडो कैदी त्यालाही पाहतात. तो कोणत्या दिशेला वळलाय, कधी थकलाय, पाळी कधी बदलते, सगळं त्यांना कळतं. घुमटाखाली आवाज घुमत राहतो. कुजबुज ऐकू येत नाही आणि आरडाओरडा कुठून आला तेही कळत नाही. शिवाय मनोऱ्यातून कोठडी दिसते, पण कोठडीतला माणूस सध्या कोणत्या मनःस्थितीत आहे ते दिसत नाही. स्टेटव्हिलची गोल इमारत 2016 मध्ये बंद झाली. प्रत्यक्ष बांधकामावर या कल्पनेचा परिणाम जेवढा सांगतात तेवढा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यापेक्षा जास्त परिणाम समांतर मांडणीचा झाला आणि तिची चर्चा फारच कमी होते. आऱ्यांच्या मांडणीत दोन इमारतींमधला कोपरा अंधारा राहतो, चौकाजवळच्या कोठड्यांना ऊन मिळत नाही. लंडनच्या वर्मवुड स्क्रब्जमध्ये (1874 ते 1891) चार इमारती एकमेकींना समांतर ठेवल्या. पॅरिसजवळच्या फ्रेनमध्ये (1898) समांतर इमारती एका लांब मार्गिकेला आडव्या जोडल्या. ऊन-हवा सुधारली, गट वेगळे ठेवणं सोपं झालं. विसाव्या शतकातले असंख्य तुरुंग असे बांधले गेले. यातला धोका त्या लांब मार्गिकेत आहे. जेवण, दवाखाना, भेटी, कारखाना, सगळी ये-जा तिथूनच होते. दंगल झाली आणि ती मार्गिका हातातून गेली की पूर्ण तुरुंग गेला.

पायऱ्यांची शिक्षा आणि खुला तुरुंग

ऑस्ट्रेलियाजवळच्या नॉरफोक बेटावर ब्रिटिशांची कैद्यांची वसाहत होती. तिथे 1840 ते 1844 या काळात अलेक्झांडर मॅकोनोकीने शिक्षा वर्षांऐवजी गुणांत मोजली. काम आणि वागणुकीतून गुण मिळवा, ठरावीक झाले की सुटा. आयर्लंडमध्ये वॉल्टर क्रॉफ्टनने 1854 पासून त्याला टप्पे जोडले: आधी एकांत, मग एकत्र काम, मग जवळजवळ पहाऱ्याविना राहण्याचा मधला टप्पा, मग देखरेखीखाली सुटका. न्यूयॉर्कच्या एल्मायरा सुधारगृहाने (1876) तरुणांसाठी कमी-जास्त होऊ शकणारी शिक्षा आणि पॅरोल आणला, इंग्लंडमध्ये 1902 मध्ये केंटमधल्या बोर्स्टल गावात तरुणांसाठी वेगळी संस्था निघाली. खुल्या तुरुंगाचं मूळ या टप्प्यांत आहे. स्वित्झर्लंडच्या विट्झव्हिलमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कैदी शेतीवर राहू लागले. इंग्लंडने 1930 च्या दशकात वेकफील्डजवळ न्यू हॉल कॅम्प उघडला.

खुल्या तुरुंगाबद्दल एक गैरसमज पक्का आहे की तिथे फक्त ‘किरकोळ’ गुन्ह्यातली माणसं असतात. अनेक देशांत दीर्घ शिक्षेचे, अगदी खुनाच्या गुन्ह्यातलेही कैदी शिक्षेच्या शेवटच्या टप्प्यात तिथे येतात. निवड करताना तीन गोष्टी तपासतात: पळून जाण्याची शक्यता, पळाला तर लोकांना होणारा धोका, आणि बाहेर कुटुंब किंवा काम आहे का. पहिल्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्या एकत्र केल्या की निवड फसते. एखादा माणूस पळू शकतो पण कुणाला इजा करणार नाही. दुसरा अजिबात पळणार नाही पण आतल्या दुबळ्या कैद्याला छळेल. खुल्या तुरुंगात सहसा पळतात ते नुकतेच आलेले, घरून वाईट बातमी मिळालेले, किंवा आतल्या कर्जात अडकलेले. म्हणून तिथल्या कर्मचाऱ्याचं मुख्य काम कुंपण पाहणं नसून पहिल्या काही आठवड्यांत माणसाशी बोलणं हे असतं.

धोकादायक कैदी कुठे ठेवायचे

इथे दोन विचार आहेत. सगळे एका ठिकाणी गोळा करा, किंवा थोडे थोडे अनेक तुरुंगांत विखुरून ठेवा. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या बेटावरचा अल्कट्राझ (संघीय तुरुंग म्हणून 1934 ते 1963) पहिल्या विचाराचा. तो बंद पडण्यात खर्चाचा मोठा वाटा होता. पिण्याचं पाणीसुद्धा बोटीने न्यावं लागे आणि खाऱ्या हवेने काँक्रीट पोखरलं होतं. ब्रिटनमध्ये 1966 मध्ये जॉर्ज ब्लेक हा हेर वर्मवुड स्क्रब्जमधून पळाला, तेव्हा माउंटबॅटन यांच्या चौकशीने कैद्यांची ए, बी, सी, डी अशी वर्गवारी (‘ए’ म्हणजे सर्वांत धोकादायक) सुचवली आणि सगळे ‘ए’ एका नव्या किल्ल्यात ठेवायला सांगितलं. वर्गवारी स्वीकारली गेली, किल्ला नाही. 1968 मध्ये रॅडझिनोविच समितीने विखुरण्याचा सल्ला दिला आणि तोच मान्य झाला. समितीचं म्हणणं व्यवहाराला धरून होतं: ज्या तुरुंगात सगळेच ‘सर्वांत वाईट’, तिथे कुणालाच गमावण्यासारखं काही उरत नाही.

अमेरिका उलट दिशेने गेली. इलिनॉयमधल्या मॅरियन तुरुंगात ऑक्टोबर 1983 मध्ये एकाच दिवशी दोन पहारेकऱ्यांचा खून झाला आणि पूर्ण तुरुंग पुढे अनेक वर्षं कुलूपबंद ठेवला गेला. तो तात्पुरता उपाय पुढे रचना बनला. कॅलिफोर्नियातलं पेलिकन बे (1989), कोलोरॅडोतलं एडीएक्स फ्लोरेन्स (1994): ओतीव काँक्रीटचा पलंग आणि टेबल, काही इंच रुंदीची खिडकी किंवा तीही नाही, दिवसाचे साधारण तेवीस तास आत, जेवण दारातल्या फटीतून. पहारेकरी आणि कैदी यांच्यात सतत पोलाद. म्हणजे फिलाडेल्फियाचा एकांत परत आला, फक्त पश्चात्तापाची कल्पना गळून गेली आणि हाताला काम नाही. संयुक्त राष्ट्रांच्या नेल्सन मंडेला नियमांनी (2015) याला मर्यादा आखली: अर्थपूर्ण मानवी संपर्काविना दिवसाचे 22 तास किंवा जास्त म्हणजे एकांतवास, आणि सलग 15 दिवसांपेक्षा जास्त एकांतवास निषिद्ध. यातला ‘अर्थपूर्ण’ हा शब्द महत्त्वाचा आहे. दाराच्या फटीतून ताट सरकवणं आणि ‘सगळं ठीक?’ असं विचारणं त्यात मोडत नाही.

पहारेकरी कुठे उभा असतो

आजचा तुरुंग समजून घ्यायला हा भाग सर्वांत उपयोगी. देखरेखीच्या तीन रचना आहेत.

पहिली रांगेची. लांब मार्गिका, दोन्हीकडे कोठड्या. पहारेकरी फेरी मारतो तेवढंच त्याला दिसतं. तो एका टोकाला असताना दुसरं टोक कैद्यांच्या ताब्यात असतं. मारहाण, खंडणी, आत्महत्येचे प्रयत्न दोन फेऱ्यांच्या मधे होतात, आणि फेरी ठरलेल्या मिनिटाला होत असेल तर तिची वेळ कैद्यांना पाठ असते. फेरीच्या वेळा मुद्दाम अनियमित ठेवतात त्या यासाठी.

दुसरी दुरून देखरेखीची. कोठड्या मोकळ्या दालनाभोवती, पहारेकरी काचेच्या बंद खोलीत बटणांसमोर. दिसतं सगळं, ऐकू काहीच येत नाही. दालनात कोण कुणाला घाबरतंय हे काचेतून कळत नाही. भांडण झालं की आत जायला कुमक यावी लागते, तोवर वेळ गेलेली असते.

तिसरी प्रत्यक्ष देखरेखीची. अमेरिकेत 1970 च्या दशकाच्या मध्यावर न्यूयॉर्क, शिकागो, सॅन डिएगोच्या संघीय केंद्रांत ती आली, 1981 मध्ये कॉन्ट्रा कोस्टा परगण्याने स्थानिक तुरुंगात आणली. साधारण 48 ते 64 कैद्यांचं दालन, त्यात एक कर्मचारी, मधे गज नाही, काच नाही. तो दिवसभर त्यांच्यातच वावरतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे धोक्याचं वाटतं, पण हिंसा आणि मोडतोड दोन्ही कमी होतात. कारण दालनाचा ताबा कुणाचा हा प्रश्नच उरत नाही. कैद्यांमधला दादा ती जागा घेऊ शकत नाही. याचा बांधकामाच्या खर्चावरही परिणाम होतो. तोडफोड होत नसेल तर पोलादी शौचपात्राऐवजी साधं चिनीमातीचं चालतं, जमिनीला पक्क्या केलेल्या टेबलाऐवजी साधी खुर्ची चालते.

ही रचना फसते ती ठरलेल्या तीन कारणांनी. एक, 50 च्या दालनात दुमजली खाटा टाकून 90 माणसं भरली जातात; कर्मचाऱ्याला सगळ्यांची नावंही लक्षात राहत नाहीत. दोन, माणसं कमी म्हणून एकाकडे दोन दालनं दिली जातात, म्हणजे पुन्हा फेरीची पद्धत. तीन, कर्मचारी टेबलामागे बसून राहतो आणि नोंदी भरतो. इमारत नवी, वागणूक जुनी. नव्या रचनेत बदली करण्याआधी प्रशिक्षण दिलं नाही तर हे होतंच.

माणसांचं गणित अनेक जण चुकतात, म्हणून सांगतो. एक जागा चोवीस तास, सातही दिवस भरायची तर आठवड्याचे 168 तास होतात. एक कर्मचारी 40 तास काम करतो, म्हणजे 4.2 माणसं. त्यात रजा, आजारपण, प्रशिक्षण, न्यायालयात आणि दवाखान्यात कैद्याला नेणं धरलं की एका जागेला पाचाहून जास्त माणसं लागतात. ‘प्रत्येक दालनात एक कर्मचारी’ असं लिहून दालनामागे तिघांची पदं मंजूर केली, तर रात्री दालनं रिकामी राहणार हे पहिल्याच दिवशी ठरलेलं असतं.

बराक

पुस्तकांत कोठडीवर खूप लिहिलेलं असतं, पण जगातल्या असंख्य कैद्यांनी एकेकट्याची कोठडी कधी पाहिलेलीच नसते. ते बराकीत राहतात: एक लांब खोली, 40, 80, कधी 200 माणसं, टोकाला शौचालय, रात्री बाहेरून कुलूप. बांधायला स्वस्त, माणसाला माणसाची सोबत मिळते, एकटेपणाचे विकार कमी. पण रात्री आत काय चालतं हे कुणालाच माहीत नसतं. कुलूप लागल्यावर बराक चालवतो तो आतला म्होरक्या. झोपायची जागा, पंख्याखालची जागा, पाण्याचा नंबर, सगळ्याची किंमत लागते. कर्मचारी फारच कमी असतील तर प्रशासन त्याच्यावरच विसंबायला लागतं आणि मग त्याला हात लावणं अवघड होतं. साओ पावलोच्या कारांदिरूमध्ये 1992 मध्ये कैद्यांच्या भांडणातून सुरू झालेल्या प्रकारात पोलीस आत घुसले आणि 111 कैदी मारले गेले. तो तुरुंग पुढे बंद करून बराचसा पाडला. त्याच ब्राझीलमध्ये 1972 पासून चालत आलेली ‘अपाक’ ही पद्धत दुसरं टोक आहे: लहान केंद्रं, सशस्त्र पहारा नाही, चाव्या कैद्यांकडेच, पण प्रत्येकाला दिवसभराचं ठरलेलं काम. कैद्यांकडे जबाबदारी देणं आणि कैद्यांवर बराक सोडून देणं यांत फरक आहे. पहिल्यात नियम लिहिलेले असतात, बाहेरची माणसं रोज येतात, आणि केंद्र लहान असतं.

बराकीचा दुसरा शत्रू हवा. क्षयाचा एक न ओळखलेला रुग्ण बंद खोलीत रोज बारा तास सगळ्यांबरोबर श्वास घेतो. खिडक्यांची उघडणारी जागा जमिनीच्या क्षेत्रफळाच्या सुमारे दहावा भाग असावी, आणि ती समोरासमोर असावी. सुरक्षेच्या नावाखाली खिडक्यांवर पत्रे ठोकले की हे सगळं संपतं. नव्या कैद्याची खोकल्याची चौकशी बराकीत पाठवण्याआधी व्हायला हवी. नंतर करून उपयोग नाही.

स्त्रियांबद्दल थोडक्यात: बहुतेक देशांत त्या संख्येने फार कमी, म्हणून पुरुषांच्या तुरुंगाच्या कोपऱ्यात भिंत घालून त्यांची सोय केली गेली. परिणामी काम, वर्ग, डॉक्टर सगळं उरलंसुरलं मिळतं, आणि वेगळं बांधलं तर ते घरापासून इतकं लांब पडतं की भेटीला कुणी येत नाही. संयुक्त राष्ट्रांचे बँकॉक नियम (2010) इतर गोष्टींबरोबर याही दोन अडचणींवर बोट ठेवतात.

नॉर्वेचा नमुना कशावर उभा आहे

हाल्डन (2010) चे फोटो सगळीकडे फिरतात: गज नसलेली खिडकी, खोलीत शॉवर, सामायिक स्वयंपाकघर. लोक त्याला हॉटेल म्हणतात आणि तिथेच चुकतात. हाल्डनला सहा मीटर उंच भिंत आहे आणि तो कडक सुरक्षेचा तुरुंग आहे. फरक भिंतीच्या आत आहे. कर्मचारी कैद्यांबरोबर जेवतात, काम करतात. शिक्षक, डॉक्टर, ग्रंथपाल तुरुंगाच्या नोकरीत नसतात. गावाला सेवा देणारी यंत्रणाच आत येते. त्यामुळे सुटल्यावर तोच दवाखाना, तीच शाळा पुढे चालू राहते. दुसऱ्या देशांनी फर्निचर उचललं आणि ही व्यवस्था सोडून दिली तर हाती फर्निचरच राहतं. खुद्द नॉर्वेतही कर्मचारी घटले की कोठडीबाहेरचे तास घटतात. तिथल्या संसदीय लोकपालाने 2019 मध्ये तुरुंगांतल्या एकांतावर खास अहवाल दिला, तो याचसाठी.

तुरुंग मोजायचा कसा

अधिकृत क्षमतेच्या आकड्यावर विसंबू नका. दुमजली खाटा तिमजली केल्या की क्षमता कागदावर वाढते, हवा आणि शौचालयं तेवढीच राहतात. फूटपट्टी घ्या. रेड क्रॉसच्या मार्गदर्शनानुसार एकट्याच्या कोठडीत 5.4 चौरस मीटर आणि सामायिक खोलीत माणशी 3.4 चौरस मीटर. युरोपची छळप्रतिबंधक समिती एकट्यासाठी 6 आणि सामायिक खोलीत माणशी 4 धरते, शौचालयाची जागा वगळून. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने 2016 च्या मुर्शिच खटल्यात 3 चौरस मीटरच्या खाली गेलं की अमानुष वागणुकीचं प्रबळ गृहीतक धरलं. आता 100 चौरस मीटरची बराक घ्या. 3.4 ने 29 माणसं बसतात. 75 भरली तर माणशी सव्वा चौरस मीटरच्या थोडं वर. झोपलेल्या माणसाला जेमतेम तेवढीच जागा लागते, म्हणजे चालायला वाट नाही, रात्री शौचालयाला जाणारा दुसऱ्यांवर पाय देत जातो, आणि भांडणं तिथून सुरू होतात. 25 माणसांमागे निदान एक शौचालय, माणशी रोज किमान 10 ते 15 लिटर पाणी, हे त्यापुढचे आकडे. शौचालयाजवळ कोण झोपतो तेही पाहा. तो कोपरा नेहमी नव्या, गरीब किंवा बहिष्कृत कैद्याच्या वाट्याला येतो.

मँचेस्टरचा स्ट्रेंजवेज (1868 चा, आऱ्यांच्या मांडणीचा) 970 जणांसाठी होता. एप्रिल 1990 मध्ये दंगल उसळली तेव्हा आत 1,647 होते, कोठडीत दोघे-तिघे, त्यातले बरेच दिवसाचे बावीस तास बंद, शौचाला भांडं. दंगल 25 दिवस चालली. लॉर्ड वूल्फ यांच्या अहवालाने 1991 मध्ये 50 ते 70 कैद्यांचे छोटे विभाग, कोठडीत शौचालय आणि घराजवळचे तुरुंग सुचवले.

आणखी एक तपासणी करा, ती बहुतेक पाहणी पथकं सोडून देतात. दुपारी अडीचच्या सुमाराला तुरुंगात किती जण कामावर, वर्गात किंवा मैदानात आहेत ते मोजा आणि एकूण गणतीशी ताडून पाहा. वेळापत्रकात दहा तास मोकळीक लिहिलेली असते, पण कर्मचारी कमी म्हणून दुपारचं कुलूप उघडलंच जात नाही, असं फार ठिकाणी आढळतं. खटला चालू असलेल्यांसाठी हे वेगळं मोजा. कायद्याने निर्दोष असूनही अनेक देशांत त्यांना काम आणि शिक्षण मिळत नाही, म्हणून तेच सर्वांत जास्त तास बंद असतात. मग रात्रीच्या पाळीची हजेरी मागा: किती कैद्यांमागे किती माणसं, आणि आग लागली तर बराकीची चावी किती मिनिटांत दारापर्यंत येते. हे घड्याळ लावून प्रत्यक्ष करून पाहायचं, नोंदवहीवरून नाही.